काटकसर कुणाच्या ताटातून?

(आपल्या लोकसंचालित साधन केंद्राच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या सदस्य व निवृत्त अंगणवाडी सेविका यांनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी ते इथे देत आहोत.)



मला विषय दिला होता ‘अंगणवाडीतले माझे अनुभव’. मी चार गोड गोष्टी लिहूनही काढल्या होत्या. पण परवा सभेची विषयपत्रिका हातात आली आणि विषय क्रमांक सहा वाचला. ‘केंद्राचा खर्च कमी करण्यासाठी तीनऐवजी दोन सहयोगिनी ठेवणे व गटांची फेरवाटणी करणे.’ आपले गट आहेत ६६. आज एका सहयोगिनीकडे २२ गट आहेत, उद्या ३३ होणार. मानधन तेच, ७ हजार. पेट्रोल त्यातच. ते वाचलं आणि गोड गोष्टींचा कागद मी घरीच ठेवला. अनुभवच सांगणार आहे, पण जरा वेगळे.

मी १९९३ साली सेविका म्हणून लागले. मानधन चारशेच्या आतबाहेर. गावातल्या गुरुजींना पगार आणि मला मानधन, असं का, हे मी तेव्हाच्या पर्यवेक्षिकाबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “अगं, ही नोकरी नाही, ही सेवा आहे. म्हणून तर तुला सेविका म्हणतात.” मला तेव्हा ते पटलंसुद्धा. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती माझी. मान भरपूर मिळाला. पंधरा ऑगस्टला नारळ मिळाला, एकदा साडीही मिळाली. धनाचं मात्र तुम्हीच बघा. केंद्र सरकारकडून सेविकेला मिळणारं मानधन २००२ ला हजार रुपये झालं, २००८ ला दीड हजार, २०११ ला ३ हजार आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून साडेचार हजार. राज्य सरकार त्यात आपली भर घालायचं, ते वेगळं. पण २०११ ते २०१८ ही सात वर्षं केंद्राचा आकडा एका रुपयानं हलला नाही. त्या सात वर्षांत तेल, डाळ, एसटीचं तिकीट कुठल्या कुठे गेलं, ते तुम्हाला सांगायला नको.

मानधन जागेवर होतं, काम मात्र चालत राहिलं. सुरुवातीला पोरं गोळा करायची, गाणी-गोष्टी, खाऊ, वजनं, लसीकरणाच्या दिवशी बायांना बोलावून आणायचं. दुपारी मी मोकळी असायचे, शेतात जायचे. मग नोंदवह्या वाढल्या. मग गृहभेटी वाढल्या. रविवारी पोलिओ. निवडणूक आली की मतदार यादी. कुठलंही सर्वेक्षण निघालं की ‘सेविकेला गावातलं घर न् घर माहीत आहे, तिलाच द्या’. २०२४ ला लाडक्या बहिणीचे अर्ज भरले गेले, तेव्हा मी निवृत्त झाले होते, पण आमच्या नव्या सेविकेच्या ओसरीवर रात्री दहापर्यंत लागलेली रांग मी बघितली आहे. त्या रांगेत आपणच होतो, बायांनो.

आणि मग आला मोबाईल. २०२१ ला पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. दिलेला फोन तापायचा, अडकायचा, आणि ॲप इंग्रजीत. आमच्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. संध्याकाळी सात वाजता टाकीच्या पायरीवर बसून मी पोरांची वजनं भरायचे आणि घरी चूल माझी वाट बघायची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. मीही केला. वरून सांगणं आलं, “कामचुकारपणा करू नका.” आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कामचुकार म्हटलं, आणि तेही मी रात्री सातला टाकीवर बसत होते त्या वर्षी.

माझ्या टाकीवरच्या वेळात घरचं कोण करत होतं? आधी सासूबाई. त्या गेल्यावर माझी मोठी लेक. आठवीत होती ती, भाकरी करून मग अभ्यासाला बसायची. सरकारनं २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली होती. त्यात निघालं की घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. (टाळ्या नका वाजवू, आमच्याकडे ९७ सुद्धा नव्हती.) बाईचं बाहेरचं काम दोन तासांनी वाढलं, तर ते दोन तास दुसऱ्या बाईच्या नाहीतर पोरीच्या दिवसातून निघतात. त्याची नोंद कुठल्याच ॲपमध्ये नाही.

आम्ही मागणी केली की उत्तर ठरलेलं, सरकारकडे पैसा नाही. खर्चाला आवर घालावा लागतो. हे ऐकून मी गप्प बसायचे, कारण घर चालवणाऱ्या बाईला काटकसर समजते. पुढे संघटनेच्या शिबिरांतून थोडं वाचायला शिकले, तेव्हा कळलं की काटकसर तर खरी, पण ती कुणाच्या ताटातून करायची हे कुणीतरी ठरवत असतं.

एकच साल सांगते. २८ फेब्रुवारी २०१५ ला केंद्राचं बजेट मांडलं गेलं. आदल्या वर्षी अंगणवाडीच्या योजनेला साधारण १८ हजार कोटींची तरतूद होती. ती एकदम ८ हजार कोटींच्या थोडी वर, इतकी खाली आली. कारण असं दिलं की राज्यांना केंद्राच्या करातला वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के दिला आहे, राज्यांनी आपली भर घालावी. खूप ओरड झाली तेव्हा वर्षाच्या मधे पैसे वाढवून दिले. त्याच दिवशी, त्याच भाषणात, संपत्ती कर रद्द झाला. ठरावीक प्रकारची संपत्ती ३० लाखांच्या वर असेल, तर वरच्या रकमेवर एक टक्का, असा तो कर होता. त्यातून वर्षाला हजार कोटींच्या आसपासच येतात आणि गोळा करायचा खटाटोप फार, असं सांगितलं. बदल्यात एक कोटीच्या वर कमाई असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी एका बाजूचंच बोलले असं होईल. पण २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, त्याला काय म्हणायचं? त्यानं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा सरकारनंच सांगितलेला आकडा आहे.

आपण गटातल्या बाया, हिशेबाला घाबरत नाही. देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या. प्रत्येकीत एक सेविका, एक मदतनीस धरा, म्हणजे २८ लाख बाया. प्रत्येकीला महिन्याला ५ हजार वाढवून दिले, तर वर्षाचे ६० हजार. गुणाकार करा, १६ हजार ८०० कोटी होतात. कंपन्यांना सोडले त्याचा आठवा हिस्साही नाही. कंपन्यांना सवलत दिली की कारखाने येतील, रोजगार येईल, असं म्हणतात. येवोत बिचारे. पण एकाला ‘प्रोत्साहन’ म्हणून देता आणि दुसऱ्याला ‘पैसा नाही’ म्हणता, तेव्हा तो पैशाचा प्रश्न राहत नाही.

आणि पैसा जातो कुठे ते बघा. अर्थशास्त्राच्या काही अभ्यासकांनी २०२४ च्या मार्चमध्ये आपल्या देशाचा हिशेब मांडला. तो पंगतीच्या भाषेत सांगते. शंभर माणसं जेवायला बसली आहेत आणि शंभर भाकरी आहेत. एका माणसाच्या ताटात चाळीस भाकरी. खालच्या रांगेतल्या पन्नास माणसांत मिळून सहा-साडेसहा. उरलेल्या मधल्यांत वाटल्या. हे संपत्तीचं, २०२२-२३ सालचं. वाढपी कोण आणि चूल कुणी फुंकली, ते त्या हिशेबात नाही.

संपाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्ही बघितलंच आहे. ४ डिसेंबर २०२३ ला अंगणवाडीचा संप सुरू झाला, पन्नासहून जास्त दिवस चालला. पाठोपाठ जानेवारीत आशाताई उतरल्या. महिनाभराच्या वर त्यांनी ताणून धरलं आणि त्यांना महिन्याला ५ हजारांची वाढ मिळाली. ज्या आशाताईंना २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं गौरवलं, त्यांना दोन वर्षांनी मैदानात बसावं लागलं. त्याच २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, आणि त्या कायद्यापुरतं त्यांचं मानधन हे वेतनच आहे. मला तो निकाल कुणीतरी वाचून दाखवला तेव्हा मी म्हटलं, १९९३ ला बाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकोणतीस वर्षांनी आलं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण आज नाही सांगितलं तर कधी सांगणार?

माझ्या अंगणवाडीत एक मदतनीस होती. नाव घेत नाही. तिचं मानधन माझ्या निम्म्याच्या आसपास. माझ्यावर ॲपचं काम आलं, तेव्हा मी काय केलं? पोरांना शिकवायचं काम तिच्यावर टाकलं. पाणी, सारवण, खाऊ शिजवणं हे तर होतंच. गृहभेटीलाही तिलाच पाठवायचे. एक दिवस ती म्हणाली, “ताई, माझी वेळ एकला संपते, तीन वाजलेत. घरी शेळ्या बांधलेल्या आहेत.” आणि मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, “अगं, ही सेवा आहे.” तोंडातून शब्द गेला आणि मला पर्यवेक्षिकाबाई दिसल्या. तरी मी तिला घरी सोडलं नाही, चार वाजेपर्यंत ठेवलं. वर पैसा नाही म्हणून माझ्यावर ढकललं, मी माझ्या खालचीवर ढकललं. तिच्या खाली कुणी नव्हतं. फक्त शेळ्या होत्या.

म्हणून विषय सहा वाचला आणि मला झोप लागली नाही.

आपल्या केंद्राची अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. प्रकल्पाचा निधी संपला. बँक कर्जावरच्या सेवाशुल्कातून केंद्र चालतं, आणि थकबाकी वाढल्यापासून नवीन कर्जं कमी झाली. कार्यकारिणीतल्या बायांनी रात्र-रात्र बसून हा मार्ग काढला असेल, त्या काही कुणाच्या वाईटावर नाहीत. पण बघा, जे सरकारनं आपल्याशी केलं म्हणून आपण मोर्चे काढले, तेच आज आपण हात वर करून मंजूर करणार आहोत. इथे सरकार आपणच आहोत.

हिशेब करू. एक सहयोगिनी कमी केली की महिन्याला ७ हजार वाचतात, वर्षाचे ८४ हजार. ते ६६ गटांवर वाटले तर गटामागे महिन्याला १०६ रुपये. गटात दहा-अकरा बाया. म्हणजे बाईमागे दहा रुपये. दहा रुपयेसुद्धा काहींना जड आहेत, मला माहीत आहे. भूमिहीन बहिणींच्या गटांना त्यातून वगळू आणि ज्यांची कर्जं पाच लाखांच्या वर आहेत त्या गटांनी जास्त द्यावं, असं काही करता येईल. किंवा दुसरा मार्ग निघेल. पण बचतीचा हिशेब करताना दुसरी बाजूही लिहा. तेहेतीस गटांची सहयोगिनी महिन्याच्या बैठकीला बसणार नाही, नुसती सही घेऊन जाणार. वह्या तपासल्या जाणार नाहीत. आपली थकबाकी कशामुळे वाढली? गेल्या वर्षी एक सहयोगिनी बाळंतपणाच्या रजेवर होती आणि तिचे बावीस गट दोघींत वाटले होते, ते सहा महिने आठवा. सगळ्यात जास्त हप्ते त्याच काळात चुकले आहेत. व्यवस्थापकताईंकडे नोंद आहे, मी कालच बघून आले.

आणखी एक. परवा मी तिघींपैकी एकीला विचारलं, महिन्याला पेट्रोल किती लागतं? तिनं वहीच काढली. १,९०० रुपये. म्हणजे तिच्या हाती पाच हजार शंभर. तेहेतीस गट झाले तर पेट्रोल दीडपट. मानधन वाढवलं नाही, असं आपण म्हणू, पण प्रत्यक्षात आपण ते जवळपास हजारानं कमी करणार आहोत. हे विषयपत्रिकेत लिहिलेलं नाही. मुद्दाम नाही, कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं, तिनं वही दाखवेपर्यंत.

अध्यक्षताई, माझी एवढीच विनंती आहे की विषय सहा मताला टाकण्याआधी तिन्ही सहयोगिनींना पंधरा मिनिटं बोलू द्यावं. त्यांच्या मानधनावर चर्चा आहे आणि बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचंच नाव नाही. चहा तोपर्यंत थांबवू. मी बसते.