विमान अपहरणाचे सिनेमे: टाळ्या वाजवून झाल्यावर

(चित्रपट दाखवल्यानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता आपण ‘एक्झिक्युटिव्ह डिसिजन’ पाहिला. १९९६चा सिनेमा, म्हणजे इथे बसलेल्या बहुतेकांच्या जन्माआधीचा. स्टीव्हन सीगल गेला तेव्हा मागच्या रांगेतून ‘अरे!’ असा आवाज आला, आणि शेवटी विमान उतरताना सगळे खुर्चीच्या टोकाशी सरकून बसले होते. ते पाहून बरं वाटलं. कारण असा सिनेमा लावला की काही जण पहिल्या मिनिटापासून कपाळाला आठ्या घालून बसतात, आणि काही जण ‘सिनेमाच तर आहे यार’ म्हणून सोडून देतात. मला यातलं काहीच जमत नाही. मला हा सिनेमा आवडतो आणि त्याच्याशी भांडावंसंही वाटतं.

आधी मजेचं बोलू. दिग्दर्शक स्टुअर्ट बेअर्ड मूळचा संपादक. ‘सुपरमॅन’, ‘लीथल वेपन’ यांचं संपादन त्याचं, आणि दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा. त्यामुळे दोन तासांपेक्षा मोठा असूनही तो कुठे रेंगाळत नाही. पहिली करामत म्हणजे सीगलला मारून टाकणं. त्या काळात तो मोठा ॲक्शन हिरो. तो आहे म्हणजे सगळ्यांची हाडं मोडणार, असं गृहीत धरून लोक तिकीट काढायचे. इथे सिनेमा अर्ध्यावर यायच्या आधीच तो आकाशात नाहीसा होतो, आणि उरतो कोण? कर्ट रसेल. पार्टीतून उचलून आणलेला, अंगात टक्सिडो, आयुष्यभर अहवाल लिहिलेला माणूस. बॉम्ब निकामी करणारा तज्ज्ञ जखमी, त्याला हलता येत नाही. म्हणून तो पडल्या पडल्या सांगतो आणि घाबरलेला इंजिनिअर थरथरत्या हातांनी करतो. हॅली बेरीच्या हातात बंदूक नाही, नुसता ट्रे आहे. अपहरणकर्त्यांच्या नजरेसमोरून ती तो ट्रे घेऊन फिरते, आणि मारामारीच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा तिथे जास्त धडधडतं. बाहेरची लढाऊ विमानं हे विमान पाडायच्या बेतात असताना शेपटीचा दिवा लुकलुकवून मोर्स संदेश पाठवायची कल्पना तर मला आजही आवडते.

आता चुका. पूर्ण वेगाने चाललेल्या जंबोच्या पोटाला खालून दुसरं विमान चिकटवायचं, मध्ये नळी लावायची आणि माणसं वर चढवायची, हे फक्त पटकथेतच जमतं. छोट्या विमानाचे धडे घेणारा नायक शेवटी हॅली बेरीकडून पुस्तिका वाचून घेत बोईंग ७४७ उतरवतो, तेही छोट्या धावपट्टीवर. आणि हवाई थरारपटांची जुनी खोड म्हणजे विमानाला भोक पडलं की आता सगळं संपलं. प्रत्यक्षात १९८८मध्ये हवाईजवळ अलोहा एअरलाइन्सच्या ७३७चं छत २४ हजार फुटांवर मोठ्या भागात उडून गेलं. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली, तिचा मृत्यू झाला. पण वैमानिकांनी ते विमान उतरवलं आणि बाकी सगळे वाचले. खरी विमानं पटकथाकारांना वाटतात त्यापेक्षा बरीच चिवट असतात.

या चुकांवर मी हसतो आणि पुढे जातो. ज्या चुकीवर हसता येत नाही ती खलनायकाची.

नागी हसनचं काम डेव्हिड सुशे या ब्रिटिश नटाने केलंय. होय, टीव्हीवरचा हर्क्युल प्वारो तोच. काम उत्तम आहे, आवाज शांत, डोळ्यांत आग. पण या माणसाला काय हवंय? त्याच्या नेत्याची सुटका व्हावी ही मागणी. नेता सुटतो, फोन करून तसं सांगतोही. तरी हा थांबत नाही, कारण त्याला वॉशिंग्टनवर विषारी वायू सोडायचाच आहे. का? सिनेमाचं उत्तर एवढंच की हा माणूस धर्माने पेटलेला आहे. राजकारण नाही, इतिहास नाही, गाव नाही, घर नाही. अमेरिकेतल्या मुस्लिम संघटनांनी तेव्हा या चित्रणावर आक्षेप घेतला होता. तो सिनेमा बंद पाडावा अशातला मी नाही, पण आक्षेपात दम होता.

आणि तरीही एक प्रसंग आठवा. हसनचाच एक साथीदार त्याला अडवतो. याचा इस्लामशी काही संबंध नाही, असं त्याच्या तोंडावर सांगतो. हसन त्याला गोळी घालतो. मी आत्ता विचारतो, त्या साथीदाराचं नाव कुणाला आठवतंय? बघा, कुणालाच नाही. निर्मात्यांनी स्वतःच्या बचावासाठी एक ‘चांगला मुस्लिम’ आणला, त्याला एक मिनिट दिलं आणि एक गोळी दिली. तोही अपहरणकर्त्यांपैकीच. प्रवाशांमध्ये भीतीने एकमेकांचे हात धरून बसलेलं एखादं मुस्लिम कुटुंब मात्र हा सिनेमा आपल्याला दाखवत नाही. माझं खरं भांडण खलनायकापेक्षा या रिकाम्या सीटशी आहे.

जॅक शाहीन नावाचे अरब-अमेरिकन अभ्यासक होते. त्यांनी हॉलिवूडच्या नऊशेपेक्षा जास्त सिनेमांतले अरब तपासले आणि २००१मध्ये ‘रील बॅड अरब्ज’ हे जाडजूड पुस्तक काढलं. एखादा सिनेमा खलनायकाला अरब करतो याने फारसं बिघडत नाही. शेकडो सिनेमे तेच करतात तेव्हा प्रेक्षकाच्या डोक्यात एक साचा बसतो. मग कॉलेजात दाढी ठेवलेल्या मुलाला ‘काय रे, विमानबिमान पळवणार का?’ असं विचारलं जातं आणि सगळे हसतात. तोही हसतो, कारण न हसणं महागात पडतं.

साचा आणि इतिहास यांत किती अंतर आहे ते बघा. १९७१मध्ये अमेरिकेत डॅन कूपर या नावाने तिकीट काढलेला एक माणूस दोन लाख डॉलर घेऊन विमानातून पॅराशूटने उडी मारून गेला, तो गेलाच. १९७६च्या एंटेबे प्रकरणात पॅलेस्टिनी अपहरणकर्त्यांबरोबर दोन जर्मन होते. १९७७च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं विमान आपल्या मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळात जपानी रेड आर्मीने पळवलं आणि ढाक्याला नेलं. जपान सरकारने ६० लाख डॉलर मोजले. आणि डिसेंबर १९७८मध्ये? लखनौहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान भोलानाथ पांडे आणि देवेंद्रनाथ पांडे या दोन काँग्रेस कार्यकर्त्यांनी वाराणसीला उतरवलं. मागणी इंदिरा गांधींच्या सुटकेची, हत्यार खेळण्यातलं पिस्तूल. पुढे दोघेही उत्तर प्रदेशात काँग्रेसचे आमदार झाले. ही कथा एखाद्या निर्मात्याला ऐकवा, अतिरंजित म्हणून परत करेल.

पण आपल्याकडेही एक सोपी पळवाट आहे. हे सगळं हॉलिवूडचं कारस्थान म्हणायचं आणि हात झटकायचे. ते चालणार नाही. जून १९८५मध्ये टीडब्ल्यूएचं ८४७ क्रमांकाचं विमान लेबनानी शिया अतिरेक्यांनी पळवलं, रॉबर्ट स्टेथम या अमेरिकी नौसैनिकाला मारहाण करून ठार केलं. कंदाहार प्रकरणात मधुचंद्राहून परतणारा रुपिन कत्याल मारला गेला, आणि ज्यांनी मारलं ते इस्लामचं नाव घेत होते. हे आपण मोठ्याने म्हणायला हवं, कुणी विचारायच्या आधी. मेलेल्या माणसाचा हिशेब टाळून आपल्या प्रतिमेचा हिशेब मागता येत नाही.

त्या टीडब्ल्यूए ८४७वर वर्ष उलटायच्या आत, १९८६मध्ये, ‘द डेल्टा फोर्स’ आला. चक नॉरिस रॉकेट सोडणाऱ्या मोटारसायकलवर बसून बैरूतचा हिशेब चुकता करतो. बघायला धमाल, अक्षरशः दिवाळीचे फटाके. प्रत्यक्षात काय झालं? सतरा दिवस वाटाघाटी चालल्या आणि उरलेले ओलीस त्यातून सुटले. विमानातली सेविका उली डेरिकसन अपहरणकर्त्यांशी जर्मनमध्ये बोलत राहिली. अल्जीअर्सला इंधन भरायला पैसे मागितले तेव्हा तिने स्वतःचं क्रेडिट कार्ड पुढे केलं. मोटारसायकलपेक्षा मला ते कार्ड जास्त थरारक वाटतं, पण त्यावर पोस्टर बनत नाही.

याला अपवाद आपल्याकडचा, २०१६चा राम माधवानींचा ‘नीरजा’. ५ सप्टेंबर १९८६, मुंबईहून निघालेलं पॅन ॲम ७३ कराचीत धावपट्टीवर अडकलं. प्रवाशांत भारतीय होते, पाकिस्तानी होते, अमेरिकन होते. गोळ्या पासपोर्ट बघून झाडल्या गेल्या नाहीत. नीरजा भनोतला भारताने अशोकचक्र दिलं आणि पाकिस्ताननेही मरणोत्तर सन्मान दिला. रडवायची घाई या सिनेमात आहे, आईचं भाषण मला लांबलेलं वाटतं. पण रिकामी सीट इथे भरलेली आहे. भीती सगळ्यांची एकच आहे.

आणि २०२४ची अनुभव सिन्हांची कंदाहारवरची मालिका. तिच्यावरचा वाद तुम्हाला ठाऊक आहे. अपहरणकर्त्यांची ‘भोला’ आणि ‘शंकर’ ही नावं ऐकून लोक भडकले, धर्म लपवला म्हणाले. ती नावं अपहरणकर्त्यांनीच विमानात एकमेकांसाठी वापरली होती, जानेवारी २०००च्या सरकारी निवेदनातही ती आहेत. शेवटी नेटफ्लिक्सने सुरुवातीच्या सूचनेत खरी नावं घातली. माझी त्याला हरकत नाही, माहिती वाढली तर वाईट काय? पण वादात सात दिवस विमानात अडकलेल्या लोकांबद्दल आणि तेव्हाच्या सरकारी गोंधळाबद्दल कोण बोललं? अमृतसरला विमान उभं होतं आणि तिथून ते निघून गेलं, हा मालिकेतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. चर्चा मात्र दोन नावांवर अडून राहिली.

पुढच्या वेळी आपण ‘फ्लाइटप्लॅन’ लावणार आहोत, २००५चा. जोडी फोस्टरची मुलगी विमानात हरवते आणि ती संशयाने एका अरब प्रवाशावर धावून जाते. गुन्हेगार भलताच निघतो. तर्काच्या दृष्टीने हा सिनेमा आजच्यापेक्षाही भोकांनी भरलेला आहे, ती भोकं तुम्ही शोधाच. पण शेवट नीट बघा. सगळं संपल्यावर तोच अरब माणूस तिची बॅग उचलून तिच्या हातात देतो. ती माफी मागत नाही. सिनेमा तिच्याबरोबर पुढे जातो आणि तो माणूस मागे राहतो. त्याला त्या क्षणी काय म्हणायचं असेल, ते चार ओळींत लिहून आणा. मराठीत, उर्दूत, हिंदीत, कशातही.

आता तुम्ही बोला. मागच्या रांगेतल्यांनी आधी, सीगलबद्दल काय तक्रार आहे ती सांगा.