आधी कीर्द, मग खतावणी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून संगणकात ठेवायचं आपण ठरवलं आहे. त्यावर "मध्येच लाईट गेली तर?" असा प्रश्न आला. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून उत्तर माझ्याकडे सोपवलं. प्रश्न रास्तच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले.

डिस्कवर एक फाईल लिहिणं हे एकच काम नसतं. मजकूर एका जागी, फाईलचं नाव दुसऱ्या जागी आणि कोणते कप्पे भरले याची नोंद तिसऱ्या जागी जाते. यातलं एक झालं, बाकीचं राहिलं आणि वीज गेली, तर मेळ बसत नाही. नाव असतं, पण मजकूर नसतो. किंवा एकच कप्पा दोन फायलींच्या नावावर चढतो. पूर्वी अशा वेळी अख्खी डिस्क तपासावी लागे. डिस्क मोठी असली की त्यात तास जात.

यावरचा उपाय आपल्या पेढ्यांवरच्या दिवाणजींच्या परिचयाचा आहे. व्यवहार आधी कीर्दीत लिहायचा, मग ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावायचा. फाईल सिस्टीममध्ये या कीर्दीला जर्नल म्हणतात. करायचे बदल आधी जर्नलमध्ये लिहायचे, शेवटी 'नोंद पुरी' अशी खूण करायची आणि मगच मूळ जागी हात लावायचा. वीज आल्यावर संगणक फक्त जर्नल वाचतो. खूण असलेली नोंद पुन्हा खतावतो, अर्धवट नोंद सोडून देतो. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेल्या एनटीएफएसमध्ये ही सोय होती. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये स्टीफन ट्वीडी यांची एक्स्ट३ २००१ मध्ये आली. तिची पुढची पिढी एक्स्ट४ आज अनेक अँड्रॉईड फोनमध्येही असते.

पण कीर्द कशाची हमी देते, ते नीट लक्षात घ्या. एक्स्ट४च्या नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये फाईलचा मजकूर नसतो. नाव, आकार, जागा एवढंच असतं. डिस्कचा हिशेब त्यामुळे जुळतो, पण 'सेव्ह' दाबल्यावरही मजकूर काही सेकंद मेमरीतच असू शकतो. तेवढ्यात वीज गेली, तर तो गेला. पेनड्राईव्हवर तर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. तिथे असं जर्नलच नसतं. म्हणून तो उपटून काढायचा नाही, संगणकाला सांगून काढायचा. आणि खाऱ्या हवेनं डिस्कच बिघडली, तर जर्नलही तिच्याबरोबर जातं.

तेव्हा चार गोष्टी करू. स्कॅनिंगच्या संगणकाला यूपीएस जोडू. स्कॅन थेट पेनड्राईव्हवर घेणार नाही. रोज संध्याकाळी फायली उघडून पाहू आणि किती पानं झाली ते साध्या वहीत लिहू. एक प्रत पुण्यातल्या कुणाकडे, समुद्रापासून लांब ठेवू.

आणि काम संपलं तरी मूळ रजिस्टरं कपाटातच राहतील. कुणाच्या तरी जन्मतारखेचा एकुलता एक पुरावा त्यातल्या एखाद्या ओळीत असेल. दाखला मागायला येणाऱ्याला ती ओळ सापडली पाहिजे.