तळ्याभोवतीची घरे

प्रस्तुत भाषणाचा विषय असलेली वसाहत बर्लिनच्या दक्षिणेस ब्रिट्स या भागात आहे. ती समजून घेण्यासाठी आधी जुन्या बर्लिनमधील श्रमिकांची घरे डोळ्यांपुढे आणावी लागतात. चौकामागे चौक, भोवती पाच-पाच मजली भाड्याच्या इमारती. मागील चौकात ऊन क्वचितच उतरे आणि अनेक कुटुंबांत मिळून एकच शौचकूप असे. इ. स. १९२५ मध्ये ब्रिट्स येथे जे बांधकाम सुरू झाले, त्याचा खरा प्रतिपक्ष हा अंधारा चौक होता.

नगररचनाकार मार्टिन वाग्नर व वास्तुशिल्पी ब्रुनो टाउट यांनी त्या जमिनीवरील नैसर्गिक तळे बुजविले नाही. त्याच्याभोवती सुमारे साडेतीनशे मीटर लांबीची तीन मजली इमारत घोड्याच्या नालाप्रमाणे वळविली. सज्जे तळ्याच्या बाजूस ठेवले. त्यांखाली रहिवाशांच्या लहान बागांची पट्टी आणि तिच्यापलीकडे उतरती हिरवळ, जिच्यावर कोणा एकाचा हक्क नाही. पहिल्या टप्प्यातील उद्यानरचनाकार लेबेरेख्त मिग्गे यांना बाग हवी होती ती शोभेसाठी नव्हे, भाजीपाल्यासाठी. ओळीतील छोट्या घरांमागच्या लांबट परसबागा त्याच आग्रहातून आल्या.

मग ह्या सर्वांस पैसा कोठून आला? १९२३ च्या भीषण चलनवाढीत घरमालकांची जुनी कर्जे जवळजवळ विरघळून गेली होती. सरकारने १९२४ मध्ये त्यांच्यावर कर बसविला व त्यातून नव्या घरांना अर्थसाहाय्य दिले. त्याच वर्षी कामगार संघटनांच्या पाठबळावर निघालेल्या गेहाग संस्थेने वसाहत उभारली. काटकसरीपायी मोजकेच नमुने पुनःपुन्हा वापरले गेले. तो एकसुरीपणा टाउट यांनी तांबडा, निळा, पिवळा अशा ठळक रंगांनी मोडला. रंगाला फारसा पैसा लागत नाही!

१९३३ पर्यंत सुमारे दोन हजार घरे पूर्ण झाली. परंतु अकुशल मजुराला त्यांचे भाडे पेलणारे नव्हते. राहावयास आले ते बव्हंशी कुशल कारागीर व कारकून; हे वैगुण्य झाकण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वसाहतीतील एक रहिवासी, कवी एरिख म्यूझाम, यांना अटक झाली. १९३४ मध्ये ओरानियनबुर्गच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. टाउट यांनीही १९३३ मध्येच देश सोडला. १९३८ मध्ये इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले.

२००८ मध्ये युनेस्कोने बर्लिनमधील इतर पाच वसाहतींसह हिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मात्र त्याआधी, १९९८ मध्ये, गेहाग खासगी हाती गेली होती. ओळीतील घरे पुढे एकेक करून विकली गेली. त्यांच्या नव्या मालकांना आज दाराचा रंगही आपल्या मर्जीने बदलता येत नाही.