एका ‘लाँग’मुळे दुधात पाणी

ज्यांना ऐकायला वेळ नसतो, बसमध्ये हेडफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, थोडंफार नीट केलंय इतकंच.

आजचा विषय आहे नेटिव्ह लायब्ररी. म्हणजे ॲप तुम्ही फ्लटरमध्ये किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये लिहिता, एकच कोड अँड्रॉइडवर आणि आयफोनवर चालतो, पण आतलं एखादं काम सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला जुना कोड करत असतो. हे काही दुर्मिळ नाही. तुमच्या फोनमधली कितीतरी ॲप्स आपला डेटा एसक्यूलाइटमध्ये ठेवतात. ती लायब्ररी २००० साली आली आणि ती सीमध्येच आहे. असा तावूनसुलाखून निघालेला कोड डार्टमध्ये पुन्हा कोण लिहीत बसेल? त्यापेक्षा त्याला थेट हाक मारायची. फ्लटरमध्ये त्यासाठी एफएफआय आहे, डार्ट २.१२ पासून, म्हणजे मार्च २०२१ पासून ते स्टेबल झालं.

आता माझी गोष्ट. यात चूक माझीच आहे, आधीच सांगतो.

आमच्या टीमनं गावातल्या दूध संकलन केंद्रांसाठी एक ॲप केलं होतं. शेतकरी किटली घेऊन येतो, दुधाचा नमुना मशीनमध्ये जातो, मशीन फॅट, एसएनएफ, प्रोटीन सांगतं, आकडे ब्लूटूथनं फोनवर येतात, पावती निघते. मशीनकडून येणारे बाइट उलगडायला एक सी लायब्ररी मिळाली होती. तिला फ्लटरशी जोडायचा कोड मी लिहिला. माझ्या फोनवर चाललं, टीममधल्या सगळ्यांच्या फोनवर चाललं, एम्युलेटरवर चाललं. आम्ही खूश.

काही महिन्यांनी सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रावरून फोन आला. तिथल्या सचिवांचा जुना फोन बिघडला होता म्हणून त्यांनी नवा स्वस्तातला घेतला होता. तेव्हापासून म्हशीच्या दुधाची एसएनएफ अचानक कमी लागायला लागली. म्हशीच्या दुधाची एसएनएफ साधारण ९ च्या आसपास असते. पावतीवर येत होती ६.८. फॅट ३.७. डेअरीवर काम केलेल्या कुणालाही हे आकडे दाखवा, तो एकच गोष्ट म्हणेल: दुधात पाणी आहे.

आणि तसंच झालं. रांगेत चार माणसांसमोर एका मावशींना ऐकवलं गेलं. त्या म्हणाल्या, “वीस वर्सं झाली दूध घालतीया, कधी थेंब पाण्याचा घातला न्हाई.” तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मावशींनी हट्टच धरला, की मशीनच्या पडद्यावर काय दिसतंय ते मला वाचून दाखवा. तिथं होतं: एसएनएफ ९.१, फॅट ६.८, प्रोटीन ३.७.

सचिवांनी दोन्हींचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. मी बघितलं आणि पोटात गोळा आला. मशीनवरची फॅट फोनवर एसएनएफ झाली होती. मशीनवरचं प्रोटीन फोनवर फॅट झालं होतं. आकडे खोटे नव्हते, एक घर सरकले होते.

का सरकले? सीमधलं स्ट्रक्ट म्हणजे नुसती बाइटांची रांग असते. त्यावर ‘ही फॅट’, ‘ही एसएनएफ’ अशी चिठ्ठी नसते. पलीकडची भाषा फक्त मोजून उचलते. आमच्या रांगेत आधी वेळ होती, मग एसएनएफ, मग फॅट, मग प्रोटीन. लायब्ररीत वेळेचा प्रकार होता ‘लाँग’. मी डार्टमध्ये लिहिलं, वेळ म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक, म्हणजे ८ बाइट. माझ्या ६४ बिट फोनवर लाँग खरंच ८ बाइटांचा होता. पण ३२ बिट अँड्रॉइडवर लाँग ४ बाइटांचा असतो. तिथं डार्टनं वेळ म्हणून ८ बाइट उचलले, त्यात एसएनएफ गिळली गेली, आणि पुढचं सगळं एकेक घर पुढे आलं. वेळेचा आकडाही बिघडला होता, पण पावतीवर आम्ही फोनच्या घड्याळातली वेळ छापत होतो, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

तुम्ही म्हणाल, आजकाल ३२ बिट फोन कुठे राहिले? गुगल प्लेनं ऑगस्ट २०१९ पासून नेटिव्ह कोड असलेल्या ॲपला ६४ बिट आवृत्ती सक्तीची केली, पण ३२ बिट बंद केलं नाही. आणि कमी रॅमच्या कितीतरी स्वस्त फोनमध्ये चिप ६४ बिटची असते, तरी वरचं अँड्रॉइड ३२ बिटचं असतं. सचिवांचा फोन तसाच होता.

यात मला सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? ॲप क्रॅश झालं नाही. क्रॅश झालं असतं तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. इथं कंपाइलर गप्प, लॉग स्वच्छ, आणि आकडे पटण्यासारखे. डार्टच्या आत असता तर डार्टनं तुम्हाला अडवलं असतं. पण दोन भाषांच्या सीमेवर कुणी पहारेकरी नसतो. तिथं तुम्ही जे लिहाल ते खरं धरलं जातं.

मग आता मी काय करतो?

एक, सीमेवर ‘लाँग’ ठेवतच नाही. सीच्या बाजूला इंट३२, इंट६४ असे ठरलेल्या मापाचेच प्रकार. लायब्ररी दुसऱ्याची असेल आणि बदलता येत नसेल, तर डार्टच्या एफएफआयमध्ये ‘लाँग’ नावाचा वेगळा प्रकार आहे, तो त्या त्या फोनप्रमाणे माप बदलतो. हा प्रश्न फक्त जुन्या फोनचा नाही बरं का. ६४ बिट विंडोजवरही लाँग ४ बाइटांचाच असतो, मॅक आणि लिनक्सवर ८ चा. म्हणजे आमचं ॲप डेस्कटॉपवर नेलं असतं तरी हेच झालं असतं.

दोन, ॲप सुरू होताना लायब्ररीलाच विचारतो: तुझं स्ट्रक्ट किती बाइटांचं? डार्टचं उत्तर जुळलं नाही तर ॲप पुढे जातच नाही. चार ओळींचा कोड आहे.

तीन, बॅगेत एक ३२ बिटवाला स्वस्त फोन कायम असतो. लॅपटॉपवरचा एम्युलेटर लॅपटॉपच्या चिपचा असतो, गावातल्या फोनचा नसतो.

चार, सीनं घेतलेली मेमरी डार्टचा गार्बेज कलेक्टर आपोआप सोडत नाही. कुणी घेतली आणि कुणी सोडायची, हे फंक्शनच्या वर लिहून ठेवतो.

आणि हे जग थांबत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून गुगल प्लेनं अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठी केलेल्या ॲप्सना १६ केबी मेमरी पेजची अट घातली. तुमचा डार्ट कोड तसाच राहील, पण आतली जुनी लायब्ररी पुन्हा बिल्ड करावी लागेल. ती कुणी बांधली, तिचा सोर्स कुठे आहे, हे आजच शोधून ठेवा.

आता मावशींचं. मशीनच्या मेमरीत खरे आकडे होते, त्यावरून तीन दिवसांच्या नोंदी दुरुस्त केल्या, फरक पुढच्या बिलात आला. मी स्वतः केंद्रावर गेलो, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “मला नगं सांगू. सकाळी दूध घालायला समदी येत्यात, तवा सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्या रांगेसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, की पाणी दुधात नव्हतं, चूक माझ्या कोडमध्ये होती. बी.टेक.च्या व्हायवालासुद्धा एवढी जीभ अडखळली नव्हती.

तुमच्या ॲपमध्ये एखादी नेटिव्ह लायब्ररी असेल, तर आज रात्री फक्त एक करा. जोडणीच्या कोडमध्ये ‘लाँग’ शोधा. सापडला तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!