रग, शीर आणि धमनी

गेली तीसेक वर्षं मी कविता लिहितो आहे. त्या कवितांमध्ये धमन्यांतून रक्त किती वेळा सळसळलं असेल, याची मोजदाद नाही. शब्द कानाला बरा वाटतो म्हणून वापरायचा. धमनी असते कशी, हे पाहण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती. मी बी.ए. झालेला माणूस, शास्त्राशी संबंध शाळेतच संपला. वेळ आली ती डोळ्यांच्या दवाखान्यात.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलो होतो. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, अर्ध्या तासानं अंधाऱ्या खोलीत बसवून उजेड टाकला आणि नंबराचं काहीच न बोलता विचारलं, ‘काका, बीपीची गोळी चालू आहे का?’

‘होती. चार-पाच महिने झाले, बंद केली. काही त्रासच होत नव्हता.’

‘तुम्हाला होत नसेल. मला इथं दिसतोय.’

त्वचा न कापता जिवंत माणसाच्या आतल्या रक्तवाहिन्या थेट पाहता येतात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. बाईंनी त्याचा फोटो काँप्युटरवर दाखवला. केशरी जमिनीवर लाल फांद्या पसरलेल्या. बारीक आणि उजळ त्या धमन्या, जरा जाड आणि काळपट त्या शिरा. माझ्या धमन्या तांब्याच्या तारेसारख्या चमकत होत्या. मला रंग आवडला, बाईंना नाही. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून धमनीची भिंत जाड झाली की ती अशी चमकते. आणि जिथं धमनी शिरेवरून आडवी जाते, तिथं शीर चेपली होती; पाण्याच्या रबरी नळीवर कुणी पाय ठेवावा तशी. अशा जागी रक्ताची गुठळी झाली, तर तेवढ्या भागाची नजर एका रात्रीत जाऊ शकते.

घरी येऊन पुस्तकं काढली. पहिला गोंधळ शब्दांचा. आमच्या घरात शिरेला ‘रग’ म्हणतात आणि गळ्यातल्या मोठ्या वाहिनीला ‘शहारग’. मराठीत ‘रग’ म्हणजे मस्ती! गल्लीत सगळ्यालाच ‘नस’ म्हणतात, मग ती रक्ताची असो की मज्जातंतूची. ‘नस दबली’ म्हणणाऱ्या माणसाची नेमकी कोणती दबली आहे, हे डॉक्टरलाच शोधावं लागतं. ‘धमनी’च्या पोटात ‘धम्’ म्हणजे फुंकणं आहे. गंमत अशी की, इंग्रजीतल्या ‘आर्टरी’चं ग्रीक मूळही श्वासनळीकडेच जातं. प्रेतामध्ये धमन्या बहुधा रिकाम्या सापडत, म्हणून त्यांतून वारा वाहतो अशी जुन्या लोकांची समजूत झाली.

खरी व्याख्या सोपी आहे. हृदयाकडून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. धमनीत लाल आणि शिरेत काळपट रक्त, हे शाळेत शिकलेलं फुप्फुसाच्या बाबतीत उलटं होतं. भिंतीला दोघींनाही तीन थर असतात. आतलं गुळगुळीत अस्तर, मधला स्नायूचा आणि लवचीक धाग्यांचा थर आणि बाहेरचं वेष्टण. धमनीचा मधला थर दणकट असतो. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा रक्त ढकलतं, तो प्रत्येक धक्का तिला झेलायचा असतो. ती किंचित फुगते आणि पुन्हा आकसते. मनगटावर आपण नाडी म्हणून पाहतो ते हेच.

शीर पातळ भिंतीची. तिथं दाब फारसा उरलेला नसतो, म्हणून रक्त मागं घसरू नये यासाठी आत झडपा असतात. हे तुम्हाला आत्ताच पाहता येईल. हात खाली सोडा, म्हणजे मागच्या बाजूच्या शिरा वर येतील. एका शिरेवर बोटांजवळ अंगठा दाबा आणि दुसऱ्या बोटानं तिथून मनगटाकडे रक्त निपटत न्या. पुढचं बोट उचललं तरी तेवढा तुकडा सपाटच राहतो, कारण झडप रक्ताला परत येऊ देत नाही. अंगठा उचला, की तो खालून भरतो. पायांतलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू मदत करतात. न्हावी, शिक्षक, भट्टीसमोर उभा राहणारा हॉटेलातला माणूस यांच्या पायांच्या शिरा पुष्कळदा फुगतात, त्याचं एक कारण हे.

दंडाला पट्टी बांधून शिरेचा हाच प्रयोग विल्यम हार्वे यानं १६२८च्या आपल्या ग्रंथात दाखवला. शिवाय त्यानं साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर टाकतं, तेवढं अख्ख्या शरीरात नसतं. म्हणजे तेच रक्त फिरून येत असणार. त्याच्या आधी, १२४२मध्ये, दमास्कसला जन्मलेल्या आणि कैरोत हयात घालवलेल्या इब्न अल-नफीस या हकिमानं लिहून ठेवलं होतं, की हृदयाच्या मधल्या पडद्याला भोकं नाहीत आणि रक्त उजवीकडून डावीकडे जातं ते फुप्फुसातून. आमच्यातले काहीजण यावर छाती फुगवतात. पण हे लिखाण आपणच इतकं विसरलो, की १९२४मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला ते बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं. शिवाय साऱ्या शरीराचा फेरा हार्वेनंच जुळवला, हेही कबूल करायला हवं.

धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, ते मात्र हार्वेला दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१मध्ये, माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. त्यांची भिंत एकाच पेशीच्या जाडीची आणि रुंदी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाची. तांबड्या पेशींना तिथून एकामागं एक, कधी अंग वाकवून जावं लागतं. प्राणवायू उतरतो, अन्न उतरतं, कचरा चढतो तो इथंच. मोठमोठ्या धमन्या म्हणजे इथवर येण्याचा रस्ता.

आणि ते आतलं अस्तर! नळाला गिलावा असावा तसं ते मला वाटत होतं. ते जिवंत आहे. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे भिंतीतला स्नायू सैल पडतो. या शोधासाठी १९९८मध्ये तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. जास्त दाब, तंबाखू, मधुमेह यांनी हेच अस्तर आधी बिघडतं. त्याला दुखवा कळवण्याची सोय नाही. चार-पाच महिने ‘काही त्रास नाही’ असं मी ज्याच्या भरवशावर म्हणत होतो, ते हे.

गोळी आता सकाळच्या चहाबरोबर असते. बायकोनं डबी साखरेच्या बरणीवरच ठेवली आहे, ती उचलल्याशिवाय साखर मिळत नाही. सहा महिन्यांनी बाईंनी पुन्हा फोटो काढला. चेपलेली शीर तशीच होती. ‘आणखी वाढलं नाही,’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या काकांना आत बोलावलं.