पाण्याला वाट हवी

(कोरीट, जि. नंदुरबार येथे पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मृग जवळ आला की आपल्या भागात दोन चिंता सुरू होतात. पाऊस येईल ना, ही शेतकऱ्याची चिंता; आणि आलाच तर नाल्यावरची मोरी टिकेल ना, ही मुलांना शाळेत धाडणाऱ्या आईची चिंता. पूर्वी या चिंता निरनिराळ्या वर्षांच्या असत. आता एकाच पावसाळ्यात दोन्ही भोगाव्या लागतात.

याचे कारण शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे बाष्प कोसळते तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ कोसळते. डॉ. भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हंगामाच्या एकूण पावसात मोठा फरक नव्हता. मात्र मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले होते आणि जमिनीत मुरणारा मध्यम पाऊस घटला होता. म्हणजे वर्षाची सरासरी तीच राहूनही पूर आणि टंचाई दोन्ही वाढू शकतात.

आपल्या मोऱ्या, गटारे, बंधारे आणि सांडवे मात्र जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेले आहेत. मुंबईचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. तेथील पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या क्षमतेच्या होत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील बराचसा काही तासांतच कोसळला. भरतीच्या वेळी समुद्रही पाणी घेईना आणि आक्रमणांनी आकुंचलेल्या मिठी नदीला पात्र उरले नव्हते. पाऊस आभाळातून आला हे खरे. परंतु त्याची वाट माणसांनी अडवली होती.

हे महानगराचे दुखणे आहे, असे आपण म्हणू नये. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल रात्रीच्या पुरात कोसळला आणि एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २०१८ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात नवापूर येथे रंगावलीला पूर आला, घरे वाहून गेली, माणसे दगावली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने सुरत बुडवली. उन्हाळ्यासाठी उकाई धरण भरून ठेवावे की पुरासाठी त्यात जागा राखावी, हा प्रश्न बेभरवशाच्या पावसाने अधिक अवघड केला आहे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पूर्वी वार्ताहर असताना एका गावाला जोडणारी नळ्यांची मोरी वाहून गेल्याची बातमी मी दिली होती. ‘अतिवृष्टीने रस्ता खचला,’ असे लिहून मोकळा झालो. पुढे त्याच ठिकाणी, त्याच मापाच्या नळ्या घालून मोरी बांधली गेली आणि काही वर्षांनी ती पुन्हा वाहून गेली. मी पुन्हा तीच बातमी दिली. नळ्यांचे माप कोणत्या पावसावरून ठरवले, हा प्रश्न मी दोन्ही वेळा कोणालाही विचारला नाही. त्या दुसऱ्या वेळी एका बाळंतिणीला खाटेवरून नाला पार करावा लागला होता. दोष पावसावर टाकला की जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

आपल्या पूर्वजांनी ही जबाबदारी ओळखली होती. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरील फड पद्धती शतकानुशतके चालत आली. तिचे बंधारे पुराला छातीवर घेणारे नव्हते; पुराचे पाणी माथ्यावरून ओसंडून जाईल अशीच त्यांची रचना होती. पाटाने हवे तेवढे पाणी शेतात न्यायचे आणि जास्तीचे सांडव्यावाटे नदीला परत करायचे, हा नियम होता. पाटकरी पाणी वाटत असे आणि पाटातील गाळ काढण्याचे काम गाव एकत्र येऊन करत असे.

आजही हे शक्य आहे. शेजारच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले, उतारावर पाणी अडवले, जिरवले. या कार्यासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. डोंगरावर झाडोरा असला की पाणी धावत न येता चालत येते. त्यामुळे खालच्या मोरीवरचा भार हलका होतो आणि उन्हाळ्यात विहिरीला आधार मिळतो.

तेव्हा यंदा चार गोष्टी कराव्यात. गावातील प्रत्येक मोरी आणि नाल्याची नोंद ग्रामसभेत वाचली जावी. शाळेत पर्जन्यमापक बसवून मुलांनी रोजचा पाऊस वहीत लिहावा. उद्या मोठ्या मोरीची मागणी करताना हीच वही पुरावा ठरेल. पहिल्या पावसाआधी गाळ काढावा. आणि पिण्याच्या विहिरीचा कठडा पुराच्या खुणेहून उंच करावा.

नाल्याच्या पात्रात सरकलेला बांध मागे घेणे हे या सर्वांहून कठीण आहे, कारण तो बहुधा आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो. सुरुवात मात्र तेथूनच करावी लागेल.