दुःख सांगण्याचे धैर्य : कविवर बनारसीदास यांच्या जीवनातील सेवा, श्रद्धा आणि सृजन



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. व्यापाऱ्याच्या वहीत केवळ जमेची बाजू लिहून भागत नाही. नावेही लिहावे लागते, तेव्हाच ताळेबंद खरा ठरतो. संस्थेचे जसे, तसेच मनुष्याच्या आयुष्याचे. असा खरा ताळेबंद सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी एका जैन व्यापाऱ्याने मांडला. त्याचे नाव बनारसीदास आणि त्या ताळेबंदाचे नाव 'अर्धकथानक'. तन आणि मन यांचे स्वास्थ्य कशाने टिकते, या आजच्या विषयाचे उत्तर त्या जीवनकथेत जितक्या प्रांजळपणे सापडते, तितके ते क्वचितच अन्यत्र सापडेल.

बनारसीदास यांचा जन्म विक्रम संवत १६४३, म्हणजे इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाल कुळात झाला. वडील खरगसेन जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. घराणे श्वेतांबर खरतरगच्छाचे अनुयायी होते. पुढे बनारसीदासांनी ज्या ग्रंथाला आपले सर्वस्व वाहिले, तो 'समयसार' मात्र दिगंबर आचार्य कुंदकुंद यांचा. त्यामुळे दोन्ही आम्नायांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटावा, असे हे व्यक्तिमत्त्व आहे. इ. स. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आग्रा येथे आपली जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, तर पंचावन्न वर्षे म्हणजे अर्धे आयुष्य. म्हणून ती 'अर्धी कहाणी'. ६७५ छंदांची ही रचना भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांपैकी एक म्हणून ओळखली जाते. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून ती छापून प्रसिद्ध केली, ही महाराष्ट्रातील जैन समाजाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

ही कथा सुखाची नाही. बनारसीदासांचे तीन विवाह झाले. दोन मुली आणि सात मुलगे अशी नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. व्यापारात वारंवार खोट आली. आग्र्यात प्लेगची साथ आली, तेव्हा नगर सोडून जाण्याची वेळ आली. जिवलग मित्र नरोत्तमदास अकाली निवर्तला. एवढे सोसूनही ग्रंथाचा सूर कडवट नाही. लेखक स्वतःवर हसतो, मित्रांची आठवण प्रेमाने काढतो, आपल्या चुका उघडपणे मांडतो. एवढ्या आघातांनंतर हे मन निरोगी कसे राहिले? त्याच्या कथेत तीन आधार स्पष्ट दिसतात : इतरांनी केलेली सेवा, पारखून घेतलेली श्रद्धा आणि लेखणी.

प्रथम सेवेचा विचार करू. जैन धर्माने सांगितलेल्या सहा अंतरंग तपांत प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान यांच्याबरोबर वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हेही तप आहे. शास्त्राने सेवेला उपवासाहूनही आतल्या दालनात स्थान दिले आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास बनारसीदास पत्नीला आणण्यासाठी खैराबादला सासरी गेले आणि तेथेच अंथरुणाला खिळले. सर्वांगावर कुष्ठासारखे फोड उठले, केस गळले. कोणी जवळ बसेना, कोणी सोबत जेवेना. दोघीच जवळ राहिल्या : कोवळ्या वयाची पत्नी आणि सासू. त्या घास तोंडात भरवीत, अंगाला औषध लावीत आणि दुर्गंधी असह्य झाली, की नाक दाबून उठून जात. हे सारे स्वतः बनारसीदासांनीच लिहून ठेवले आहे. त्यांना त्या दोघींचा राग आला नाही आणि त्यांनी ती गोष्ट झाकलीही नाही. किळस वाटली, तरी पुढच्या घासाला त्या पुन्हा आल्या, हेच त्या सेवेचे मोल. अखेर खैराबादच्या एका नाभिकाने औषध आणि पथ्य देऊन त्यांना बरे केले. पुढे 'समयसार'चे रहस्य लोकभाषेत आणणारा कवी दोन स्त्रियांच्या हातांमुळे आणि एका नाभिकाच्या कसबामुळे वाचला.

दुसरा प्रसंग आग्र्यातील आहे. वडिलांनी विश्वासाने सोपविलेला माल घेऊन ते व्यापारासाठी निघाले. वाटेत रात्री मुसळधार पाऊस. कोणी आसरा देईना. शेवटी पहारेकऱ्यांच्या झोपडीत जागा मिळाली, तोच एक घोडेस्वार आला आणि यांना बाहेर काढू लागला. नंतर त्याचेच मन द्रवले. तो खाटेवर निजला आणि बनारसीदास व त्यांचे सोबती त्याच खाटेखाली तरटावर निजले! आग्र्यात पोहोचल्यावर व्यापार बुडाला. रत्ने कुठे गळून पडली, कुठे उंदराने पळविली. खिसा रिकामा झाला, तेव्हा हा तरुण रात्री आपल्या बिऱ्हाडी 'मधुमालती' आणि 'मृगावती' ही काव्ये गाऊन दहा-वीस लोकांना ऐकवू लागला. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास उधारीवर कचोऱ्या घेत. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून सांगितले, की आपल्याजवळ पैसे नाहीत, यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने उत्तर दिले, की वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, कोणी काही म्हणणार नाही. कित्येक महिने या उधारीवर त्यांचे पोट भरले. काव्याने कचोरीवाल्याची संध्याकाळ सुखाची झाली आणि कचोरीवाल्याच्या औदार्याने कवी जगला. नंतर ते खैराबादला गेले, तेव्हा पत्नीने आपल्याजवळचे वीस रुपये हळूच पुढे केले आणि सासूने दोनशे रुपये दिले, तेही कोणाला कळू न देता. उपकाराचा गाजावाजा न करता जावयाचा मान राखणे, ही करुणेची खरी कसोटी होय.

दुसरा आधार श्रद्धेचा. बनारसीदासांची श्रद्धा आयती मिळालेली नव्हती, ती ठेचा खात घडली. तरुणपणी एका संन्याशाने मंत्र दिला : वर्षभर जप केला, की रोज दारात एक सुवर्णमुद्रा मिळेल. त्यांनी वर्षभर जप केला. मुद्रा काही मिळाली नाही. मग कोणी दिलेल्या शंखाची शिव म्हणून पूजा आरंभिली. इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपूरला आली, तेव्हा ते जिन्यावर बसले होते. धक्क्याने कोसळले, कपाळ फुटले. संकटात पूजेचा उपयोग झाला नाही, असे वाटून त्यांनी तीही सोडली. देवाकडून मोबदला मागणारी ही श्रद्धा होती, म्हणून ती पहिल्या धक्क्यालाच तुटली.

पुढे राजमल्ल यांची 'समयसार'वरील टीका हाती आली. आत्मा शुद्ध आहे, हे वाचून मन भारावले. पण अर्धवट समजुतीने सर्व क्रिया त्याज्य वाटू लागल्या. चार मित्र बंद खोलीत निर्वस्त्र फिरून आपण मुनिराज झालो असे म्हणत! लोकांनी नावे ठेविली आणि बनारसीदासांनी ते सारे नंतर जसेच्या तसे लिहून ठेवले. इ. स. १६३५ च्या सुमारास पांडे रूपचंद आग्र्यास आले. त्यांनी 'गोम्मटसार'चे विवेचन करून गुणस्थानांचा क्रम उलगडला. ज्या पायरीवर जीव उभा आहे, त्या पायरीला साजेशी क्रिया आवश्यक असते, हे उमगले. निश्चय आणि व्यवहार यांचा मेळ बसला, मन शांत झाले आणि इ. स. १६३६ मध्ये 'समयसार नाटक' हा ग्रंथ सिद्ध झाला. चांगला गुरू, स्वाध्याय आणि चूक कबूल करण्याची तयारी यांतून दृढ झालेली श्रद्धाच पुढे पुत्रशोकात उभी राहिली.

तिसरा आधार सृजनाचा. चौदाव्या वर्षीच त्यांनी शृंगारप्रधान अशी सुमारे हजार छंदांची रचना केली होती. पुढे ती खोटी वाटली, म्हणून मित्र हळहळत असताना तिची पाने त्यांनी गोमती नदीत सोडून दिली. येथे एक सूक्ष्म भेद दिसतो. जे मनाला भुलविते तेही लेखन आणि जे मनाला धुऊन काढते तेही लेखन. 'अर्धकथानक' हे दुसऱ्या प्रकारचे. आपले दोष गुरूसमोर निष्कपटपणे मांडणे, याला जैन आचारात आलोचना म्हणतात. बनारसीदासांनी ती साऱ्या वाचकांसमोर केली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आपले गुण मोजले, तसेच दोषही मोजले : लक्ष्मीचा मोह सुटत नाही, जप-तपात मन रमत नाही, एकांतात असताना कधी कधी नाचू लागतो! असे लिहिणाऱ्याच्या मनावर मुखवट्याचा भार उरत नाही.

आधुनिक मानसशास्त्रानेही या दिशेने शोध घेतला आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना आयुष्यातील आघातांविषयी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले. लिहिल्यानंतर लगेच त्यांना अधिक उदास वाटले. परंतु ज्यांनी घटनेबरोबर भावनाही लिहिल्या, त्यांना पुढील काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याची गरज कमी पडली. नंतरच्या संशोधनात हा लाभ माफक आणि प्रत्येकाला सारखाच न मिळणारा आढळला. म्हणून लेखन हा औषधाला पर्याय नाही. बनारसीदासही नाभिकाच्या औषधानेच बरे झाले. परंतु मनात कोंडलेले दुःख शरीरालाही जड होते, हा अनुभव मात्र जुना आणि खरा आहे.

आता या विषयाचा गाभा. नऊ अपत्यांच्या मृत्यूविषयी लिहिताना बनारसीदासांनी पानगळीनंतर उरलेल्या निष्पर्ण झाडांची उपमा दिली : पती आणि पत्नी तसे ओकेबोके उरले. त्याच्या पाठोपाठ ते सांगतात, की तत्त्वदृष्टीने पाहता परिग्रह जितका घटतो तितकी शांती वाढते. आणि लगेच हेही सांगतात, की संसारी माणसाला हे उमगत नाही. 'समयसार'चे मर्म जाणणारा हा ज्ञानी, पण त्याने ज्ञानाच्या पडद्याआड अश्रू लपविले नाहीत. आधी दुःख सांगितले, मग तत्त्व.

आज समाजात अनेकदा हा क्रम उलटा होतो. ज्या घरातील तरुण मुलगा गेला, त्या घरी भेटीस येणारे पहिल्याच वाक्यात 'कर्माचा उदय' सांगून मोकळे होतात. सिद्धांत खरा असतो, पण शोकाकुल मातेला त्याचा अर्थ 'आता रडू नकोस' असा ऐकू येतो आणि ती गप्प होते. मनाचा आजार, कर्ज, मोडलेला संसार, त्वचारोग या गोष्टी घराच्या आतल्या खोलीत बंद राहतात, कारण 'लोक काय म्हणतील' हे भय धर्मापेक्षा मोठे झालेले असते. इष्टवियोगाने होणाऱ्या आर्तध्यानाचे वर्णन शास्त्राने केले आहे, ते दुःखिताला दोष देण्यासाठी नाही. त्यातून बाहेर येण्यासाठी त्याला हात हवा असतो आणि तो हात साधर्मिकाचा असावा, हीच अपेक्षा आहे. 'तत्त्वार्थसूत्रा'त सांगितलेल्या मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांत दुःखितांसाठी कारुण्यच सांगितले आहे.

यासाठी फार मोठ्या योजना लागत नाहीत. शोकाच्या घरी जाऊन उपदेश न करता अर्धा तास शांतपणे ऐकणे, आजाऱ्याच्या घरी डबा पोहोचविणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, संकटातील कुटुंबाला नाव न फुटेल अशा रीतीने मदत करणे, आजार अंगावर न काढता वैद्याकडे नेणे, हे कोणालाही शक्य आहे. घरातील ज्येष्ठांनी आपली जीवनकथा, यशाबरोबर फसलेल्या गोष्टीही, नातवंडांसाठी वहीत लिहून ठेवाव्यात. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांनी स्तवन म्हणावे, रांगोळी काढावी, गहुली सजवावी. प्रतिक्रमणाच्या वेळी दिवसाचे दोष आठवताना कोणाचे दुःख न ऐकता आपण पुढे निघून गेलो, हेही आठवावे.

बनारसीदासांच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह होऊन नववधू घरी आली. त्याच दिवशी त्या घरात कन्या जन्मली आणि त्याच दिवशी वृद्ध आजी निवर्तली. एकाच घरात एकाच दिवशी तीन घटना! प्रत्येक घर असेच असते आणि पन्नास वर्षांची प्रत्येक संस्थाही. मंगल आणि शोक एकाच उंबरठ्यातून आत येतात. दोघांनाही जागा देणारे घर निरोगी राहते.

कविवरांची अर्धी कहाणी लिहून झाली. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी वाचणाऱ्यांवर आहे. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत या वास्तूच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाला आपले दुःख येथे निर्भयपणे सांगता यावे, एवढीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!